उर्वशीची सर्दी वेगळी

६ नोव्हेंबर, वडसा

आज हंगाम उघडला. तालमीच्या खोलीत सकाळी पूजा झाली. बुद्धाची तसबीर आणि नटराजाची पितळी मूर्ती एकाच पाटावर. आमच्या नाटक कंपनीत कोणी कोणाला सरकवत नाही.

नारळ फुटला, मग गूळ. ही आमच्याच कंपनीची रीत, दुसरीकडे नाही. गुळाची छोटी ढेप मालकाने दातांनी फोडायची आणि एकेक खडा आपल्या हाताने प्रत्येकाच्या तोंडात घालायचा. जुने मालक गुणवंतराव यांनी सुरू केलेली. मी चौदा वर्षांचा, पडदा ओढायला आलो होतो. गावात आमच्या वस्तीला पाणी वरून ओतत. पाटलाच्या घरात वाढलेल्या त्या माणसाने आपल्या दाताखालचा गूळ माझ्या तोंडात घातला. गोड होता की नाही, आठवत नाही. तोंड मिटायचं राहून गेलं, एवढं आठवतं. कंपनी माझ्याकडे येऊन एकोणीस वर्षं झाली. पडदे बदलले, दिवे बदलले, माईक बदलले. गुळाला हात लावला नाही.

यंदाचा गूळ दगड होता. आमचा विनोदी नट वारलू म्हणाला, "मालक, दात गुळात सोडू नोका. आमाले दोन्ही खा लागन."

घसा खवखवतो. घरी धानाची मळणी चालू आहे, धूळ गेली असेल.

९ नोव्हेंबर

दोन प्रयोग चांगले झाले. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे दिवस, गावोगाव पाहुणे, मंडप भरतो.

मालक होण्याआधी मी सोळा वर्षं प्रॉम्प्टर होतो. विंगेत बसून नटाच्या श्वासावरून सांगायचो की आता हा वाक्य विसरणार. तो कान अजून तसाच आहे. काल तिसऱ्या रांगेत एक म्हातारा कोरडं खोकत होता, कनातीपाशी एक बाई ओलं. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "दुसऱ्याचंच ऐकू येते तुमाले. तुमी स्वता कवापासून खोकून राह्यले?"

धूळ आहे म्हटलं. मालकाला सर्दी होऊन चालत नाही.

११ नोव्हेंबर

नवी नायिका आली, नागपूरची उर्वशी. जुनीचं लग्न ठरलं म्हणून हिला बोलावलं. गाडीतून उतरली ती शिंकतच. एक, दोन, तीन. मी मोजल्या.

पण गायली, आणि पेटीवाला हात थांबवून ऐकत राहिला. आवाजाला कुठे जोड नाही. वर जाते तेव्हा चढल्यासारखं वाटत नाही, आपणच खाली राहिलो असं वाटतं.

केसरबाई कोपऱ्यात आल्याचा तुकडा चघळत बसल्या होत्या. बासष्ट वर्षांच्या, चाळीस हंगाम आईचंच काम. झाडीपट्टीत नवीन पोरगी टिकेल की नाही हे कंपन्या केसरबाईंना विचारतात, ज्योतिषाला नाही. त्या म्हणाल्या, "पोरी, आवाज हाये तुया. पण आधी नाक पुस, मंग रड."

उर्वशी हसली. "नाक तर रडायच्या कामातच येते, बाई."

केसरबाईंना उलट उत्तर खपत नाही. हे खपलं.

१३ नोव्हेंबर, पोंभुर्णा

आज दुपारी मुक्कामावर डॉक्टर संघप्रिया आल्या. नागपूरच्या एका संस्थेतल्या, मूळच्या इकडच्याच. सोबत दोन माणसं आणि बर्फाची निळी पेटी. सर्दी-खोकल्याच्या विषाणूंचा अभ्यास आहे. म्हणाल्या, लेकरांची सर्दी सगळे तपासतात, मोठ्या माणसांची कोणी तपासत नाही. मोठा माणूस आल्याचा चहा पितो आणि कामावर जातो. त्यातून या जंगलपट्ट्यात कोणते विषाणू फिरतात याची नोंदच नाही. नाटक कंपनी रोज नव्या गावात, म्हणून आमच्याकडे आल्या.

मी विचारलं, "सर्दी ते सर्दी. त्यात कोणते काय?"

"भाऊ, नुसत्या एका जातीच्या सर्दीच्या विषाणूचे दीडशेच्या वर प्रकार आहेत. त्याशिवाय दुसऱ्या जाती वेगळ्याच."

वारलू म्हणाला, "बापा! इतक्या जाती तर आमच्या गावात नाई."

गेल्या आठवड्यात ज्यांना काही त्रास झाला त्यांनीच नाकातला नमुना द्यायचा होता. कोणी पुढे होईना. मग मीच आधी बसलो. मला काही नाही, नुसती खवखव, पण मालकाने केलं की बाकीचे करतात. माझ्यामागे आठ जण बसले. वारलू, पेटीवाला, केसरबाई असे करत शेवटी उर्वशी. वारलूच्या नाकात काडी गेली तशी तो ओरडला, "मॅडम, मेंदूपर्यंत गेली काय?"

"मेंदू लागला असता तर थांबले असते," डॉक्टर बाई म्हणाल्या.

कंपनी दहा मिनिटं हसत होती. त्रास कधी सुरू झाला ती तारीख लिहून घेतली आणि प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी मिळाली. नाव बाहेर जाणार नाही, नंबरच राहील. माझा एक्केचाळीस. निकालाला दोन महिने लागतील म्हणे. तोवर कोणाची सर्दी राहणार आहे?

१७ नोव्हेंबर, ब्रह्मपुरी

केसरबाईंना दवाखान्यात भरती केलं. दमा जुना आहे, त्यावर ही सर्दी छातीत उतरली. सकाळी बोलताना वाक्याच्या मधे श्वास घेत होत्या. चाळीस वर्षांत मी त्यांना वाक्याच्या मधे श्वास घेताना ऐकलं नव्हतं. ऑक्सिजन लावला आहे. कागद, चिठ्ठ्या सगळं माझ्याच फाइलीत ठेवलं, त्यांचा मुलगा पुण्याहून उद्या येईल.

कंपनीत नऊ जण आजारी. पेटीवाला म्हणाला, "मालक, सगळं त्या नागपूरवालीपासून." मी त्याला पेटी गाडीत चढवायला सांगितलं. पण गाडीतून उतरतानाच्या तीन शिंका मीही ऐकल्याच होत्या.

१९ नोव्हेंबर

वारलूने आज संहितेत नसलेलं एक वाक्य टाकलं. उर्वशी प्रवेश करते तेव्हा तोंडावर दुपट्टा धरून म्हणाला, "सरका बे, नागपूरची पाहुणी आली, संगं सर्दीचं गाठोडं आणली!" मंडप हलला. उर्वशीने पुढचं वाक्य बरोबर घेतलं.

विंगेत मीही हसलो.

२१ नोव्हेंबर

उर्वशीला कामावरून कमी केलं. दुसरा इलाज नव्हता. केसरबाईंनी दवाखान्यातून निरोप धाडला, "ती असन तर मी नाई." बायका तिच्याशेजारी रंगायला बसत नाहीत. तिची पाण्याची बाटली कोणीतरी बाहेर नेऊन ठेवली होती.

मी म्हटलं, "उर्वशी, राग नोको धरू. थोडे दिवस घरी राह्य."

"हंगामाच्या मधात घरी बसलेली बाई कोणती कंपनी घेते, मालक?"

"बरं झालं की बोलावतो."

"मी बरीच हाओ. चार दिवस झाले." मग बॅग उचलली आणि म्हणाली, "मी आलो तवा अर्धी कंपनी गरम पाणी पेत होती. मीच आणलं म्हंता, तर म्हणा."

बोलायला तिखट आहे. गरम पाणी गाणारे सगळेच पितात.

२८ नोव्हेंबर

आरमोरीची नवी नायिका आली. बरी आहे. पेटीवाला आता हात थांबवत नाही.

१४ डिसेंबर

केसरबाई घरी आल्या, चामोर्शीजवळ त्यांच्या गावी. भेटून आलो. जीव वाचला. आवाज मात्र फाटल्यासारखा, आणि चार पावलांवर धाप. त्यांचा यंदाचा हंगाम गेला. येईल त्याला सांगत होत्या, "त्या पोरीनं मले खाटेवर पाडलं."

येताना वडशात चहाच्या टपरीवर प्रफुल भेटला. वडशात गल्लोगल्ली नाटक कंपन्या, हा आमच्या समोरच्या कंपनीचा मॅनेजर. म्हणाला, "लहानूभाऊ, तुमची उर्वशी आली होती काम मागाले. आमी नाई घेतलं. केसरबाईचा शब्द पडला, तिथी कोण हात घालते? तिसऱ्या गल्लीतल्यायनंही परत पाठवलं. आता तर लोकं म्हंतेत, तिले क्षय हाये."

"क्षय? सर्दी होती रे."

"सर्दी तुमच्या दारात होती. आमच्या दारापर्यंत येता येता क्षय झाला."

हसण्यावारी नेलं.  

३ जानेवारी

उर्वशीचा फोन दोनदा आला. उचलला नाही. बोलायचं काय?

१८ जानेवारी, वडसा

हे सगळं नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं तरी हलकं होईल.

दुपारी संघप्रियाबाई निकाल सांगायला आल्या. तालमीच्या खोलीत सगळे जमले. त्यांनी भिंतीवर मोठा कागद लावला. त्यावर झाडासारखं चित्र, खोडाला फांद्या, फांद्यांच्या टोकाला नंबर, आणि नंबराखाली त्रास सुरू झाल्याची तारीख. म्हणाल्या, विषाणूची पोथी चार अक्षरांत लिहिलेली असते. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो तेव्हा पोथीची नक्कल होते, आणि नक्कल करताना कुठे कुठे चूक होते. चुका सारख्या, तर घराणं एक.

लोकांच्या तोंडावर काही दिसेना. मी म्हटलं, "मॅडम, मी सांगू?" आणि सांगितलं. आमच्याकडे नाटकाच्या संहिता हाताने उतरवत. एका उतरवणाऱ्याकडून तिसऱ्या अंकात बापाचं अख्खं भाषण सुटलं. त्या वहीवरून ज्यांनी ज्यांनी उतरवलं त्या सगळ्या कंपन्यांत बाप मुकाच मरतो. प्रयोग पाहून मी आजही सांगतो, नाटक कोणाच्या वहीतून आलं.

"अगदी हेच," बाई म्हणाल्या. खुश झाल्या. मीही झालो.

मग त्यांनी बोट ठेवलं. नऊ नमुन्यांपैकी आठ एकाच फांदीवर, जवळजवळ अक्षराला अक्षर सारखे. नववा पार दुसऱ्या खोडावर. "हा त्याच जातीचा विषाणूदेखील नाही. एकाच वेळी तुमच्या कंपनीत दोन वेगळ्या सर्द्या होत्या. आणि ही दुसरी कोणालाही लागलेली दिसत नाही."

त्या एकट्या नंबराखाली तारीख होती १० नोव्हेंबर. मोठ्या फांदीवर १० तारखेचं कोणीच नाही. ११ तारखेला कोण शिंकत उतरलं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मग मोठी फांदी पाहिली. तारखा ८, ८, ९, ८, ९, ९, ८. सगळ्यांत खालची, सगळ्यांत आधीची, ६ नोव्हेंबर. नंबर एक्केचाळीस.

कपाटातली फाइल उघडली नाही, तरी पाठ होतं. केसरबाईंची चिठ्ठी माझ्याजवळच आहे, चव्वेचाळीस. फांदीवर एक्केचाळीसच्या अगदी लागून.

वारलूने विचारलं, "मंग सुरुवात कोणापासून झाली, मॅडम?"

"नंबरामागचं नाव मी सांगत नसते," त्या म्हणाल्या, आणि कागद गुंडाळला.

खोलीत एकजण सोडून कोणालाच काही कळलं नाही.

१९ जानेवारी

प्रयोग झाला. लिहिण्यासारखं काही नाही.

२१ जानेवारी

संघप्रियाबाईंना फोन केला. आडून विचारलं, समजा एका माणसाची तारीख आधीची असेल, तर त्याच्यापासूनच बाकीच्यांना गेलं काय?

 मी का विचारतो, ते त्यांना कळलं असावं. म्हणाल्या, "छातीठोक नाही सांगता येत, भाऊ. दोघांनाही तिसऱ्याच कोणापासून गेलं असेल. तारखा लोक आठवून सांगतात. आणि यात गुन्हेगार कोणी नसतो."

जीव भांड्यात पडला.

मग त्या म्हणाल्या, "पण जो नमुना वेगळा निघाला, त्या माणसापासून नाही गेलं. हे मात्र छातीठोक."

फोन ठेवल्यावर त्यांच्या बोलण्यातलं पहिलं अर्धं दिवसभर मनात घोळवलं. तिसरा कोणी असेल. मळणीवरचा मजूर असेल. गावातला पाहुणा असेल. मी आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, आपल्यालाही पुरवता येतात. पण दुसरं अर्धं कोणाला पुरवू? ती पोरगी दोन महिने नागपुरात घरी बसली आहे. तिच्या नावाचा क्षय झाला आहे. आणि मी गप्प बसलो तर हे जन्मात कोणाला कळणार नाही, मला आणि एका गुंडाळलेल्या कागदाला सोडून.

गुळाचं सगळ्यांत जास्त टोचतं. ज्या हाताने मला माणसांत घेतलं, तोच हात मी पुढे केला. तो चुकीचा होता असं मनाला म्हणवत नाही. बरोबर होता असंही आता म्हणवत नाही.

२४ जानेवारी, केसरबाईंच्या गावी

उशीर केला तर पाय फिरतील म्हणून सकाळच्याच एसटीने आलो. केसरबाई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"आला काय लहानू? बस. सोल."

मी सोलत सोलत सांगितलं. झाड, फांद्या, नंबर, तारखा. डॉक्टर छातीठोक म्हणत नाही, हेही सांगितलं. तिथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा ते सांगायला नको होतं असं वाटलं.

"म्हंजे तुले सहा तारखेलेच होती."

"धूळ वाटली मले."

"अन् गूळ फोडला."

"हो."

त्यांनी पुढची शेंग सोलली. मग त्या म्हणाल्या, "गुणवंतरावानं तुया तोंडात गूळ घातला, तवा मी तिथीच होतो. नवीन होतो. मायाही तोंडात घातला होता. मी घरी जाऊन मायले सांगितलं तर ते रडली." धाप लागली, थांबल्या. "तुया गुळाचं मले काई नाई, लहानू. हात जोडून घेतला मी, अजून घेईन. पण गूळ तुया, अन् शिव्या त्या पोरीले?"

मी शेंगांची सालं गोळा करू लागलो.

"दोन महिने दारात येईल त्याच्यापाशी मी तिचं नाव घेऊन राह्यलो. माया तोंडातून गेलं ते. आता मले अशा आवाजात घरोघर फिरवशील काय? लाव फोन."

"कोणाले?"

"प्रफुलले आधी. मंग तिले."

प्रफुलला त्या चारच वाक्यं बोलल्या, चारदा थांबून. "प्रफुल, मी केसर बोलतो. उर्वशीपासून मले काई झालं नाई. डॉक्टरनं तपासलं. आवाज हाये तिले, घ्या." कोणापासून झालं ते सांगितलं नाही. मी फोन मागितला. तेही मीच सांगितलं, माझ्या नावासकट. 

उर्वशीने माझा नंबर पाहून उचलला नाही. केसरबाईंच्या मोबाइलवरून लावला तर पहिल्या रिंगला उचलला. केसरबाई म्हणाल्या, "पोरी, म्या चुकीचं बोललो. माफी मागतो." नंतर बराच वेळ फक्त ऐकत होत्या. शेवटी फोन माझ्याकडे दिला.

मी कबूल केलं. मग म्हटलं, "कंपनीत परत ये. फलकावर पहिलं नाव तुयं लागन."

"मालक, तुमी सांगितलं, बरं केलं," ती म्हणाली. "काम मी करीन. तुमच्या इथी नाई."

२६ जानेवारी

नंबर एक्केचाळीस माझा, हे आज कंपनीसमोर सांगितलं.  नंतर वारलू जवळ आला. नेहमी काहीतरी खुसपट काढणारा, आज हात खिशात घालून उभा. "मालक, ते गाठोड्याचं वाक्य मी टाकलं होतं."

"अन् मी हसलो होतो."

"लोकायले तोंडपाठ हाये आता. मी काढलं तरी तेच ओरडतात." तो जाऊ लागला आणि परत वळला. "आज रातचाले ओरडले, तर मी काय म्हणू ते लिहून द्या."

तासभर बसून दोन ओळी लिहिल्या, सर्दी पाहुणीची नव्हती, घरचीच होती, अशा. हशा येणार नाही. त्याने वाचल्या आणि म्हणाला, "घेतो."

२ फेब्रुवारी

वारलूने त्या ओळी सात प्रयोगांत घेतल्या. पहिल्या दोन ठिकाणी लोक थंड बसले. परवा एका गावात मागून एक बाई ओरडली, "मंग ते पोरगी कुठी हाये आता?" वारलूने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "प्रफुलभाऊच्या कंपनीत, बाई. आमच्याच नशिबात नाई!"

जाहिरात झाली, दुसऱ्याची. बायकोला सांगितलं तर ती कितीतरी दिवसांनी हसली.

डॉक्टर बाईंना विचारून घेतलं. पुढच्या हंगामात त्या पुन्हा नमुने घेणार आहेत. त्रास झाल्याची खरी तारीख लिहायची, मालकानेसुद्धा.

१४ फेब्रुवारी, मार्कंड्याजवळ

उद्या महाशिवरात्रीची जत्रा. वैनगंगेच्या काठी माणूस मावेना. एकाच गावात दोन मंडप, एक आमचा, रस्त्यापलीकडे प्रफुलचा. त्यांच्या फलकावर उर्वशीचं नाव सगळ्यांत वर, अक्षरं हातभर. गाडीतून उतरणारे लोक आधी तोच वाचतात.

आमच्याकडे प्रयोगाची सगळी तयारी वारलूवर सोपवली आणि दुपारी रस्ता ओलांडून त्यांच्या तिकीट खिडकीवर गेलो. खिडकीत प्रफुलच बसला होता.

"लहानूभाऊ, तुमाले तिकीट कायले पायजे? सरळ आत या, पुढं सोफा टाकतो."

"तिकीट दे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भाऊ, राग नोका मानू. काल तिनं सांगून ठेवलं हाये. लहानूभाऊ आले तर नाई म्हणू नोका म्हंते. पण पुढची खुर्ची देऊ नोका. मागची द्या."

मागची घेतली.